लिनक्सने 486 सोडलं म्हणे, आमच्या वजनकाट्याचं काय?

काट्यावरचा_पोरगा

नमस्कार मंडळी. मी या लायनीतला अजिबात नाही, बीकॉम झालंय, त्यामुळे प्रश्न येडपट वाटला तर सांभाळून घ्या.

नाशिकला पेठ रोडला आमचा वजनकाटा आहे, बाबांनी टाकलेला. केबिनमध्ये एक कॉम्प्युटर आहे जो मी चौथीत होतो तेव्हापासून तिथेच आहे, डबा पिवळा पडलाय, दर दसऱ्याला त्याच्यावर झेंडूची माळ पडते आणि कुंकवाचा डाग काही पुसला जात नाही. गाडी काट्यावर चढली की इंडिकेटरचं, म्हणजे आकडे दाखवणाऱ्या डबीचं, वजन वायरने कॉम्प्युटरमध्ये येतं, बाबा गाडी नंबर नि माल टाइप करतात, नंतर रिकामी गाडी परत आली की निव्वळ वजन निघतं आणि डॉट मॅट्रिक्सवर तीन प्रतीत पावती. काळा स्क्रीन, पांढरी अक्षरं, माऊस नाहीच. प्रोग्रॅम बाबांच्या एका मित्राने लिहून दिलेला, ते पॉलिटेक्निकला शिकवायचे, लिनक्सचं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी ती फुकटची सिस्टीम, तिचं त्यांना भारी वेड होतं. ते काका आता नाहीत. त्या डब्याला आमच्या घरात सगळे चारशे शहाऐंशी म्हणतात, 486 ही इंटेलची जुनी चिप, काकाच म्हणायचे म्हणून.

आता झालं असं की आत्येभाऊ पुण्याला आयटीत आहे, तो आला होता, त्याने बातमी वाचलेली की लिनक्स 486 चा सपोर्ट काढतंय. म्हणाला मामा तुमचा काटा बंद पडणार. बाबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. त्यात प्रिंटरवाला टेक्निशियन आला तो म्हणे हो हो सगळीकडे बंदच झालंय, नवीन सेट सॉफ्टवेअरसकट 65 हजार, आजच ऑर्डर द्या. आणि टोमॅटोचा सीझन तोंडावर आहे, दिवसाला इतक्या गाड्या असतात की चहा प्यायला वेळ नसतो.

खरंच बंद पडणार का? कधी? आणि एक सांगायचं राहिलं, बाबा तो कॉम्प्युटर कधीच बंद करत नाहीत, रात्री पण चालू. बंद केला की परत चालू होत नाही असं त्यांचं म्हणणं. हे कशामुळे ते पण कोणी सांगा.

रिकामा_टेम्पो

फेक तो डबा भो. भंगारात किलोवर जाईल, त्याच्याच काट्यावर वजन कर.

सातपूरचा_कर्नल

वरच्याकडे लक्ष देऊ नका.

आधी बाबांना जेवायला सांगा. सपोर्ट काढला म्हणजे लांबून कोणी बटण दाबून तुमचं मशीन बंद करतंय असं काही नसतं. एसटीच्या नव्या वेळापत्रकातून तुमच्या गावची गाडी काढली तर गाव नाहीसं होत नाही, पुढे नवी गाडी येणार नाही एवढंच. तुमच्या डिस्कवर जो कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आहे तो आहे तसाच राहणार, उद्या पण आणि दहा वर्षांनी पण, डिस्क जिवंत असेपर्यंत. हे शेवटचे तीन शब्द लक्षात ठेवा, त्याच्यावर परत येतो.

बातमी काय आहे ते सांगतो कारण आत्येभावाने अर्धीच वाचलेली दिसते. 2025 च्या एप्रिलअखेर इंगो मोल्नार म्हणून लिनक्सचा जुना डेव्हलपर आहे त्याने पॅचेस, म्हणजे कोडमधले बदल, टाकले, 486 आणि सुरुवातीचे काही 586, म्हणजे त्यानंतरच्या पेन्टियमच्या पिढीतले, काढून टाकायचे. त्याच सुमारास लिनस टोरवाल्ड्स पण म्हणाला की 486 सोडायची वेळ आली, असल्या गोष्टीवर एक सेकंदही घालवायचं कारण नाही. 386, म्हणजे 486 च्या आधीची चिप, तर त्यांनी 2012 च्या डिसेंबरातच काढला, आणि तो पॅच पण मोल्नारचाच. गंमत म्हणजे लिनसने 1991 मध्ये लिनक्स लिहायला घेतलं ते 386 वरच, ज्या मशीनवर पोर जन्मलं तेच मशीन पोराने घराबाहेर काढलं.

आता का काढतात. पुढच्या कर्नलसाठी चिपमध्ये दोन गोष्टी हव्यात असं ठरवलंय. एक टीएससी, म्हणजे चिपच्या आतला मोजणी काटा, घड्याळाच्या प्रत्येक टिकेला एक वाढणारा. दुसरी सीएक्स8, ही जरा समजावून सांगतो. समजा तुमच्या काट्यावर दोन जण एकाच वहीत लिहितात. एकाने वाचलं शिल्लक 40, तो 45 लिहायला जाणार तेवढ्यात दुसऱ्याने पण 40 वाचून 42 लिहिलं. बोंबललं. सीएक्स8 ही आज्ञा म्हणते, वहीत अजून 40 च असेल तरच 45 लिही नाहीतर हात लावू नको, आणि हे बघणं नि लिहिणं एका दमात, मध्ये कोणाला शिरू न देता, तेही आठ बाइटच्या आकड्यावर. 486 ला चार बाइटपर्यंतच जमतं, आणि 386 ला तर ही युक्तीच येत नव्हती. पेन्टियमला 1993 पासून दोन्ही येतं. मग 486 वर हे खोटं खोटं करून दाखवायला कर्नलमध्ये वेगळा कोड ठेवावा लागतो, तो तपासायला 486 कोणाकडे नाही, आणि त्या जोडकामातल्या चुका निस्तरण्यात आजच्या मशीनवर काम करणाऱ्या लोकांचा वेळ जातो. इंटेलने 386 आणि 486 बनवणं 2007 च्या सप्टेंबरअखेर थांबवलं, म्हणजे तेव्हापासून इंटेलची नवी चिपच नाही.

तुमचं मशीन खरंच 486 आहे का याची मला शंका आहे. लॉगिन करून प्रॉक फोल्डरमधली सीपीयूइन्फो नावाची फाइल बघा आणि जे येईल ते इथे टाका. मशीन बंद करू नका बघायच्या नादात.

जुनाट_बोर्ड

हा धागा बघून राहवलं नाही.

486 म्हटलं की आमच्या पिढीच्या डोळ्यासमोर काय येतं माहितीये का. मी अंबडला एका कारखान्यात ड्रॉइंगला होतो, 386 वर ऑटोकॅड, आणि ऑटोकॅडला मॅथ को-प्रोसेसर लागायचाच, त्याशिवाय सुरू होत नसे. म्हणजे 387 ही गणित करणारी वेगळी चिप आणून मदरबोर्डवर बसवायची. ती चिप मुंबईहून आली तेव्हा मालकाने ऑफिसात पेढे वाटले, खोटं नाही सांगत. पाय वाकडा झाला तर गेली, म्हणून बसवताना सगळे श्वास रोखून. मग 486 डीएक्स आलं, त्याच्यात ती चिप आतच, 12 लाख ट्रान्झिस्टर. आणि मग स्वस्तातलं एसएक्स काढलं त्यात गणिताचा भाग नाही, आमच्या दोन-तीन ओळखीच्यांनी एसएक्स घेऊन हात पोळून घेतले. लिनक्समध्ये अशा बिनगणितवाल्या चिपसाठी सगळं गणित सॉफ्टवेअरमध्ये करणारा एक तुकडा होता, या पॅचमध्ये तो पण काढायला घेतलाय बहुतेक.

@सातपूरचा_कर्नल हो ना?

सातपूरचा_कर्नल

हो, तोही त्यात आहे.

निफाडची_ताई

मला यातलं एक पटत नाही. तुम्ही सगळे किती सहज म्हणता काढलं तर काढलं. माझ्या मुलीचा लॅपटॉप सातव्या पिढीचा आय5, एकदम ठणठणीत, त्याला विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही कारण आठव्या पिढीपासूनच घेतात, आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. वर्षभर पुढे ढकलायची सोय दिलीये ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत. मग? चालता बैल कसायाला द्यायचा का?

सातपूरचा_कर्नल

ताई तुमचा राग बरोबर जागेवर आहे पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. 486 बाजारात आला 1989 ला, त्याला काढायचं म्हटलं 2025 ला. छत्तीस वर्षं. तुमच्या मुलीच्या चिपला जेमतेम नऊ-दहा. एकीकडे म्हातारा स्वतः थकलाय आणि दुसरीकडे तरण्याताठ्याला व्हीआरएस देतायत, मला दुसरं नाही पटत. त्या लॅपटॉपवर लिनक्स टाका, बिनघोर चालेल.

पण लिनक्सवाले पण सगळे साधुसंत नाहीत बरं का. रेड हॅट 10, म्हणजे कंपन्यांसाठीचं लिनक्स, जे 2025 च्या मे मध्ये आलं, त्याला साधारण 2013 च्या इंटेलच्या हॅसवेल पिढीपासूनची चिप लागते. आणि कर्नल वेगळा नि डिस्ट्रो, म्हणजे कर्नलभोवती सगळं बांधून दिलेलं तयार लिनक्स, वेगळी हे लोक विसरतात, कर्नलने ठेवलं तरी डिस्ट्रो आधीच सोडून देते. डेबियन या डिस्ट्रोचंच बघा, आवृत्ती 8 मध्ये 486 गेलं, 9 मध्ये पहिला पेन्टियम नि त्याचाच भाऊ पेन्टियम एमएमएक्स गेले, 12 मध्ये अजून चाळणी लावली, आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये 13 आलं त्याला 32 बिट, म्हणजे आजच्या 64 बिटच्या आधीच्या जुन्या मशीनचा इन्स्टॉलरच नाही नि कर्नलही नाही. फायरफॉक्सचं पण तेच, लिनक्सवर 32 बिटसाठी 144 ही शेवटची आवृत्ती. म्हणजे ज्याचं पेन्टियम 4 आहे त्याला 486 च्या बातमीने काही होत नाही पण त्याचं घर आधीच पाण्यात गेलंय.

कालिकानगरचा_मास्तर

डेबियन 12 च्या चाळणीवरून आठवलं. त्यात एएमडी कंपनीची जिओड एलएक्स चिप गेली. ती कुठे होती माहितीये? तो हिरवा-पांढरा शाळकरी लॅपटॉप, एका मुलाला एक लॅपटॉप वाला. 2007 साली आपल्याच कर्जतजवळ खैराट-धनगरवाड्याच्या शाळेत तो मुलांना दिला होता, देशातला पहिला प्रयोग. चिप 433 मेगाहर्ट्झची. उन्हात पण स्क्रीन वाचता यायचा. आता त्याच्यावर नवीन डेबियन चढत नाही, कारण काय तर एक काहीच न करणारी लांब आज्ञा त्या चिपला कळत नाही. काहीच न करणारी! मला हे वाचून दोन दिवस हसू येत होतं, आपल्याकडे पण काही न करता येणारा माणूस नोकरीतून जातो तसंच.

मूळ प्रश्नाबद्दल काही येत नाही मला, चालू द्या.

काट्यावरचा_पोरगा

सगळ्यांचे आभार. फोनवर फोटो काढून त्यावरून टाइप करतोय, चूकभूल द्यावीघ्यावी.

व्हेंडर जेन्युइनइंटेल
सीपीयू फॅमिली 5
मॉडेल 4
नाव पेन्टियम एमएमएक्स
मेगाहर्ट्झ 233 आणि पुढे काहीतरी
एफडीआयव्ही बग नो
एफ00एफ बग यस
फ्लॅग्ज एफपीयू व्हीएमई डीई पीएसई टीएससी एमएसआर एमसीई सीएक्स8 एमएमएक्स

आणि लॉगिनच्या वर डेबियन 3.0 असं येतं, कर्नल 2.4.18. टीएससी आणि सीएक्स8 दोन्ही दिसतंय की यात! म्हणजे चारशे शहाऐंशी नाहीच? बाबांना सांगितलं तर ते माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही मी त्यांच्या जन्मतारखेवर शंका घेतली. मग आठवून म्हणाले, मध्ये एकदा विजेने बोर्ड उडाला होता तेव्हा काकांनी आतलं सगळं बदललं होतं, डबा तोच ठेवला.

पण ते बग यस लिहिलंय त्याचं काय? हे काय आजारपण आहे?

सातपूरचा_कर्नल

हे बघा, म्हटलं होतं ना.

डबा 486 चा, आत पेन्टियम एमएमएक्स. दोन्ही अटी पास. त्या बातमीचा तुमच्याशी थेट काही संबंध नाही. आणि खरी गंमत पुढे आहे. तुमचं डेबियन 3.0 आलं 2002 च्या जुलैत आणि त्याचे सिक्युरिटी अपडेट संपले 2006 च्या जूनअखेर. म्हणजे तुमचा सपोर्ट जाऊन कितीतरी सीझन झाले आणि कोणाला पत्ता नाही, टोमॅटो तोलले जातायत, पावत्या फाटतायत. बाबांना हे सांगा, दोन पोळ्या जास्त खातील.

एफ00एफ बगला घाबरू नका. 1997 मध्ये सापडलेला दोष आहे, एक विचित्र आज्ञा दिली की पूर्ण मशीन गोठायचं, अगदी साध्या युजरने चालवलेल्या प्रोग्रॅममधून पण. लिनक्सने तेव्हाच काही दिवसात वळसा काढला होता, कर्नल फक्त सांगतोय की चिपमध्ये दोष आहे आणि मी सांभाळतोय. तुमच्या काट्यावर कोण घुसून ती आज्ञा देणार आहे. फक्त एक करा, त्या मशीनला कधीही इंटरनेटची वायर लावू नका, आत्येभाऊ आला की त्याला केबिनच्या बाहेर बसवा.

आता खरा धोका. डिस्क. ती बोर्ड बदलला तेव्हाची असेल तर वीसेक वर्षं रात्रंदिवस फिरतेय. चिप मरत नाही सहसा, डिस्क मरते, पंखा मरतो, मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगतात. आणि बंद केल्यावर चालू होत नाही याचं कारण बहुतेक दहा-वीस रुपयांचं आहे. मदरबोर्डवर नाण्यासारखा सेल असतो, 2032 नंबरचा, तो मेला की बायोस, म्हणजे मशीन चालू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम, सगळं विसरतो. तारीख विसरतो, डिस्क कशी वाचायची ते विसरतो.

जुनाट_बोर्ड

सेलबद्दल शंभर टक्के. आणि @काट्यावरचा_पोरगा, मशीन चालू करताना काळ्या स्क्रीनवर इंग्रजी एल आणि आय ही दोनच अक्षरं येऊन थांबतं का? बाबांना विचार.

काट्यावरचा_पोरगा

दादा तुम्हाला कसं कळलं!!! बाबा म्हणतात हेच येतं, आणि मग काका येऊन निळ्या स्क्रीनवर काहीतरी बदलायचे नि चालू व्हायचं. काका गेल्यापासून बाबांनी बंदच केला नाही. लाइट जाते तेव्हा इन्व्हर्टर, आणि इन्व्हर्टर संपत आला की बाबा जनरेटर लावतात, काटा बंद असला तरी.

जुनाट_बोर्ड

एका सेलपायी जनरेटर. डिझेलचा हिशोब करू नको, झोप उडेल.

ते एल आय म्हणजे लिलो. जुना बूट लोडर, म्हणजे मशीन चालू झाल्यावर डिस्कवरून लिनक्स उचलणारा, त्याच्या नावातलं एकेक अक्षर छापत तो पुढे जातो, चार अक्षरं पूर्ण झाली की कर्नल सुरू. एल आय वर अडकला म्हणजे पहिला तुकडा मिळाला पण दुसरा जिथे असायला हवा तिथे सापडत नाही. लिलो फाइलचं नाव वगैरे बघत नाही, डिस्कवर नेमक्या कुठल्या जागी ते लिहून ठेवतो, आणि बायोसने डिस्कची मोजणी वेगळ्या पद्धतीने केली की पत्ता चुकतो. सेल गेला की बायोस डिस्क नॉर्मल पद्धतीने वाचायला जातो, काका तिथे एलबीए, म्हणजे डिस्क मोजायची दुसरी पद्धत, करायचे. एवढंच. चालू करताना डिलीट दाबून ठेव, निळा स्क्रीन येईल, डिस्कच्या ओळीत मोड एलबीए कर, सेव्ह करून बाहेर पड. एका कागदावर लिहून केबिनमध्ये चिकटव.

सातपूरचा_कर्नल

करेक्ट. आता काम असं करा, सीझन सुरू व्हायच्या आत, रविवारी. आधी नवा सेल आणून ठेवा. मग मशीन नीट शटडाऊन करा, डिस्क काढा, आयडीई, म्हणजे जुन्या डिस्कचं रुंद वायरवालं कनेक्शन, ते यूएसबी अडॅप्टर मिळतो तो लावून लॅपटॉपवर पूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत काढा, फाइलींची कॉपी नाही, पूर्ण इमेज. जमत नसेल तर मला सांगा मी सातपूरहून येतो, मिसळ खायला घाला म्हणजे झालं. मग ती इमेज कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डवर, जुन्या कॅमेऱ्यात असायचं तसलं मेमरी कार्ड, उतरवायची, आयडीईचा साधा अडॅप्टर लावून कार्डच डिस्क म्हणून बसवायचं. डिस्क किती जीबीची आहे?

काट्यावरचा_पोरगा

वर 4.3 लिहिलंय.

सातपूरचा_कर्नल

मग 4 चं कार्ड पुरणार नाही, 8 चं घ्या. त्याहून मोठं नको, त्या काळच्या कित्येक बायोसना 8.4 च्या पुढचं दिसत नाही.

दुसरी पायरी सीझन संपल्यावर. एमजी रोडला जुने ऑफिसचे कोअर टू डुओ चिपवाले कॉम्प्युटर मिळतात, असा एक बघा ज्याला मागे सिरियल पोर्ट आणि प्रिंटरचा जुना मोठा पोर्ट दोन्ही आहेत. यूएसबीचे कन्व्हर्टर टाळा, त्यात नकली चिप निघाली की इंडिकेटरचे आकडे मधूनच गाळतं, आणि वजनात आकडा गळणं म्हणजे तुमच्या धंद्यात काय ते तुम्हाला माहीत. कोअर टू डुओ 64 बिट आहे, त्याच्यावर आजचं डेबियन 13 चढतं. आणि काकांचा प्रोग्रॅम नव्याने लिहायला लागणार नाही बहुतेक. 64 बिट कर्नलवर जुने 32 बिट प्रोग्रॅम अजून चालतात, त्याच्यासोबतच्या जुन्या लायब्ररी फाइली पण उचलून न्यायच्या. आतून जुनी चिप काढली तरी बाहेरचा प्रोग्रॅम मोडायचा नाही हा लिनसचा नियम आहे, त्यावरून तो लोकांना जाहीर शिव्या घालायचा. इंडिकेटरची सेटिंग तेवढी जुन्या मशीनवरून लिहून घ्या, स्पीड, बिट, पॅरिटी, काट्यांना बऱ्याचदा 7 बिट इव्हन असतं आणि लोक 8 नन ठेवून दिवसभर कचरा आकडे बघत बसतात.

निफाडची_ताई

65 हजारवाल्याला काय सांगणार मग?

रिकामा_टेम्पो

त्याला काट्यावर उभा कर.

कालिकानगरचा_मास्तर

एक शंका. 32 बिटमध्ये ते 2038 चं प्रकरण आहे ना? ते यांना लागू होईल का.

सातपूरचा_कर्नल

होईल की. जुना 32 बिट प्रोग्रॅम 1970 पासूनचे सेकंद मोजतो, ते भांडं भरतं 19 जानेवारी 2038 ला, आपल्या घड्याळाने सकाळी 8 वाजून 44 मिनिटांनी, मंगळवार आहे. नंतरच्या पावतीवर 1901 चा डिसेंबर छापून येईल. नव्या मशीनवर नेला तरी काकांचा प्रोग्रॅम 32 बिटच राहिला तर हेच होणार. काकांचा सोर्स कोड, म्हणजे त्यांनी हाताने लिहिलेला मूळ प्रोग्रॅम, डिस्कवर सापडला तर तेव्हा त्यावरून 64 बिटचा नव्याने तयार करू, सापडायला पाहिजे, मास्तर लोक सोर्स टाकून जातात सहसा.

काट्यावरचा_पोरगा

झालं!! रविवारी केलं. कर्नल दादा स्वतः आले, त्यांचं नाव लिहीत नाही पण माणूस देव आहे, मिसळीच्या तीन प्लेट.

डबा उघडला तर आत इतकी धूळ की कांद्याच्या चाळीत शिरल्यासारखं. पंखा बोटाने फिरवला तर फिरेना, तो बदलला. सेल काढला, मीटरवर शून्य. डिस्कची इमेज काढायला सव्वा तास लागला, शेवटी शेवटी डिस्क टक टक करत होती आणि दादा काही न बोलता नुसते स्क्रीनकडे बघत होते, मला तेव्हाच कळलं की थोडक्यात वाचलो. दोन-तीन ठिकाणी वाचताना अडलं पण त्या जागा रिकाम्या निघाल्या. कार्ड बसवून चालू केलं, आलं एल आय. बाबांनी डोक्याला हात लावला. मग डिलीट दाबून मोड एलबीए केला, परत चालू, लिलोची चारही अक्षरं, मग भराभर ओळी, आणि काकांचं ते जुनं पान आलं, वर गणपतीच्या नावाने ओळ लिहिलेली असते ते. मग मुद्दाम बंद करून परत चालू केलं, नवीन सेलमुळे सगळं लक्षात होतं. बाबांनी स्वतःच्या हाताने चार वेळा बंद-चालू करून बघितलं, लहान पोरासारखं.

आणि सोर्स सापडला. एका फोल्डरमध्ये, वर काकांनी कॉमेंट लिहिलीये रोमन अक्षरात पण मराठीतच, की वजन तीनदा सारखं आलं तरच घे, गाडी हलत असते. बाबांनी ते मला दोनदा वाचायला लावलं.

सोमवारी पहिली गाडी आली, दिंडोरीकडची, टोमॅटोचे कॅरेट. बाबांनी गाडी नंबर टाकला, मग अचानक थांबले, कान लावला डब्याला, हाताने वरून ठोकलं, आणि मला ओरडले, अरे बंद पडला की हा. मी म्हटलं स्क्रीन दिसतोय की समोर. तर म्हणे मग आवाज का येत नाही? डिस्कची घरघर इतकी वर्षं ऐकलेली, कार्डाला आवाजच नाही. आता दर गाडीला पावती निघेपर्यंत ते डब्यावर हात ठेवून उभे असतात.

जुनाट_बोर्ड

जुनी डिस्क फेकू नकोस. प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी कपाटात ठेव, केबिनमध्ये नको, उंदीर असतात. आणि प्रिंटरची रिबन कुठली वापरता? माझ्याकडे दोन पडून आहेत, नंबर जुळला तर घेऊन जा.